लास्ट परेडला गैरहजर

मी एक जुना दिवा आहे. माझी उंची तुमच्या करंगळीच्या एका पेराएवढी. गेली अकरा वर्षे मी एका पांढऱ्या मोटारीत, डावीकडच्या सीटसमोरच्या खणात राहतो. खण म्हणजे डॅशबोर्डमधला झाकणाचा कप्पा. गाडीचे कागद, रुमाल, गोळ्यांची पाकिटे आणि दुसरीकडे कुठेच जागा नसलेल्या सगळ्या वस्तू त्यात राहतात.

मित्रांनो, पुढे जाण्याआधी एक प्रश्न विचारतो. तुमच्या घरच्या फ्रिजचे दार उघडले की आतला दिवा लागतो. दार लावल्यावर तो विझतो, हे तुम्हाला कसे कळले? तो विझलेला तुम्ही कधी पाहिला आहे का? पाहायला म्हणून दार उघडावे, तर तो लागलेलाच सापडतो. उत्तराची घाई करू नका. माझ्या घरच्या शहाण्या माणसांना ते शोधायला अडीच महिने लागले. तेवढ्या काळात एका भल्या माणसाचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास जवळजवळ उडाला होता. त्या साऱ्याला कारण मी होतो.

माझा जन्म कारखान्यातला. केसाहून बारीक तार वळवून तिचे वेटोळे केले, ते काचेत बसवले आणि आतली हवा काढून घेतली. मग मला एकदा पेटवून पाहिले आणि अंगावर ‘१२ व्होल्ट, ५ वॅट’ असे छापले. एवढेच माझे शिक्षण. पुढे गाडी जुळवताना मला खणात बसवले. माझ्या शेजारी शेंगदाण्याएवढे एक बटण आहे. झाकणाच्या आतल्या अंगाला प्लॅस्टिकचे एक बोंड होते. झाकण लागले की बोंड बटणावर टेकायचे, बटण दाबले जायचे आणि मी विझायचो. झाकण उघडले की बटण सुटायचे आणि मी पेटायचो. गाडीची किल्ली लावलेली असो वा नसो, माझी तार थेट बॅटरीला जोडलेली आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गाडी घेतली आकाराम आप्पांनी. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत, चाळीसेक घरांची वस्ती आहे. आप्पा तिथले. चोवीस वर्षे ते फौजेत ड्रायव्हर होते आणि हवालदार होऊन घरी आले. लडाखच्या बर्फात आणि तेजपूरच्या चिखलात त्यांनी ट्रक चालवले. त्यांचा एकही ट्रक त्यांच्या चुकीने कधी वाटेत उभा राहिला नाही, हे ते कुणाला सांगत नसत. पण वस्तीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होते.

फौजेत गाडीची दोन वेळा तपासणी होते. सकाळी निघण्याआधीची ती फर्स्ट परेड आणि गाडी जागेवर लावल्यावरची ती लास्ट परेड. आप्पांनी घरी आल्यावरही ही रीत सोडली नाही. गाडी सोप्याशेजारी, म्हणजे घरापुढच्या ओसरीला लागून, लावून ते मोठ्याने म्हणत, आणि उत्तरही स्वतःच देत.

“लाइट?”

“बंद.”

“वायपर?”

“बंद.”

“रेडिओ?”

“बंद.”

“छताचा दिवा?”

“बंद.”

“काचा?”

“वर.”

शेवटी बॉनेटवर दोन थापा. मग कुठे ते चपला काढत. सोप्यावरून बनुबाईंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, आवाज यायचा.

“आवं, गाडीला अंगाई म्हनून झाली आसंल तर हात धुवा. भाकरी निवली.”

“अगं, एका लाइटीपायी सगळा काफिला बर्फात अडकतोय.”

“हितं कुठला आलाय बर्फ? हितं माझी भाकरी बर्फ झालीया.”

त्या परेडीत माझे नाव नव्हते. मला त्याचे वाईट वाटले नाही. झाकण लागले की मी विझणार, हे इतके ठरलेले होते की विचारण्याचे कारणच नव्हते.

माझ्या वाट्याला कौतुक एकदाच आले. आम्ही महाबळेश्वरहून परतत होतो. पसरणी घाटात धुक्यात चाक पंक्चर झाले, आणि हातातल्या टॉर्चमधले सेल नेमके संपलेले. आप्पांनी माझे झाकण उघडे टाकले. तेवढ्या उजेडात बनुबाईंना त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या सापडल्या, आप्पांना पाना सापडला. निघताना आप्पांनी माझ्या काचेवर नखाने टिचकी मारली आणि म्हणाले, “शाबास रं गड्या.” हवालदाराची शाबासकी होती ती. पुढे कित्येक महिने मी झाकणाआड तिच्यावरच राहिलो.

आता माझ्या चुकीकडे येतो.

यंदाच्या दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला आणि सगळे औंधला यमाईच्या दर्शनाला गेले. बनुबाईंनी देवीची ओटी भरली. गुरवाने ओटीतला एक नारळ उचलून परत त्यांच्या हातावर ठेवला. देवीने दिलेला नारळ फोडायचा नाही, घरात नाहीतर गाडीत जपून ठेवायचा, ही आमच्याकडची रीत. बनुबाईंनी तो माझ्या खणात ठेवला. नारळ मोठा होता, वर भरगच्च शेंडी. झाकण दोन बोटे उघडे राहू लागले. बनुबाईंनी नारळ वळवून पाहिला, शेंडी आत दुमडली, मग दोन्ही तळहात लावून झाकण दाबले.

‘कट्’ असा आवाज झाला.

“बसलं बाई एकदाचं,” त्या म्हणाल्या.

झाकण खरेच बसले होते. कडी लागली, फट उरली नाही. पण तो आवाज कडीचा नव्हता. नारळाला अडून झाकणावरचे प्लॅस्टिकचे बोंड मोडले होते आणि कागदांच्या खाली जाऊन पडले होते. बटणावर टेकायला काहीच उरले नाही. झाकण लागले आणि मी विझलोच नाही.

खोटे कशाला सांगू, पहिल्या दिवशी मला आनंद झाला. अकरा वर्षांत मी माझा खण मिटलेला कधी पाहिला नव्हता. नारळाची शेंडी पाहिली, चष्म्याचे घर पाहिले, विम्याच्या कागदावरची बारीक अक्षरे वाचली. दुसऱ्या दिवशी मला वाटले, आता कुणीतरी विझवेल. तिसऱ्या दिवशी माझा उजेड तांबूस झाला, आणि मला कळले की मी कुणाचे तरी पोट रिकामे करतो आहे.

त्या दिवशी शुक्रवार होता. आप्पांनी किल्ली फिरवून सेल्फ मारला. गाडी फक्त ‘कट्, कट्’ एवढेच म्हणाली.

बॅटरी उतरली होती. चार जणांनी धक्का मारून गाडी सुरू केली. गाडी चालू लागली की बॅटरी पुन्हा भरते, म्हणून त्या दिवशी पुढे काही अडले नाही. आप्पांनी शनिवार-रविवार गाडी फिरवली, तेव्हाही काही अडले नाही. मग ती तीन दिवस उभी राहिली आणि पुन्हा ‘कट्, कट्’.

विश्वजीत नावाचा गाड्यांचा इलेक्ट्रिशियन तालुक्याहून आला. हुशार होता, पण सदा घाईत. त्याने बॅटरीच्या टोकांवरची पांढरी पूड गरम पाण्याने धुतली आणि डायनामो बॅटरी भरतोय का ते तपासले. भरत होता. मग बॅटरीचा कागद पाहायला त्याने माझा खण उघडला. मी त्याच्या तोंडावर पूर्ण पेटलेला होतो. त्याने माझ्याकडे पाहिले, माझ्याच उजेडात तारीख वाचली आणि झाकण लावले. उघड्या खणात दिवा पेटलेला असणारच, त्यात त्याला काय दिसावे?

“आप्पा, बॅटरी जुनी झालीया. बदला,” तो म्हणाला.

बॅटरी बदलली. दहा दिवसांनी गाडी तीन दिवस सलग उभी राहिली, आणि नवीही उतरली. विश्वजीतने पुन्हा सगळे पाहिले आणि मान खाजवली.

“गाडी ओक्के हाय, आप्पा. बॅटरी बी नवी. मंग… रातीचं काय चालू ऱ्हातंय का बघा जरा.”

“काय चालू ऱ्हानार? मी सोता बघतो की रोज.”

“न्हाई, बघताच वो तुमी. पर वय झालं की हुतं आसं. आमचं म्हातारं बी मोटर चालू ठिवून येतंय मळ्यात.”

तो सहज बोलला आणि मोटारसायकलला किक मारून गेला. पण ते वाक्य इथेच राहिले. पुढच्या आठवड्यात शेजारचे भाऊसो कुंपणावरून ओरडले, “हवालदार, गाडीला बी पेन्शन द्या की आता!” सगळे हसले. आप्पाही हसले. पण त्या संध्याकाळी त्यांनी लास्ट परेड दोनदा केली.

आप्पांचा मुलगा जयराज सांगलीला हळदीच्या पेढीवर असतो. वाईट माणूस नाही. त्याच्या एका मित्राचे वडील गाडी घेऊन बाहेर पडले होते आणि घरचा रस्ता विसरून कऱ्हाडच्या पुढे सापडले होते. तेव्हापासून तो धास्तावला होता. त्याचा फोन आला की आप्पा तो सोप्यावर बसून मोठ्या आवाजात लावत. गाडी शेजारीच असल्याने मला सगळे ऐकू येई.

“आप्पा, परवा गाडी लावल्यावर लाइट बंद केली होती ना?”

“केली की. रोज करतो.”

“रोज करताय ते ठाऊक आहे मला. परवा केली का? आठवतंय का नक्की?”

मित्रांनो, परवा तुम्ही दात घासलेत हे तुम्हाला ठाऊक आहे. पण परवाचे घासणे वेगळे असे आठवते का? रोजची गोष्ट कुणालाच आठवत नाही. आप्पा परवाची परेड आठवू लागले. त्यांना आठवावे लागते आहे, हेच जयराजने उत्तर म्हणून घेतले.

मग आप्पांनी एक वही केली. लाइट, वायपर, रेडिओ, छताचा दिवा, काचा. प्रत्येकापुढे खूण, खाली तारीख. ती वही ते माझ्याच खणात ठेवत. रोज खण उघडत, माझ्याच उजेडात पाचही खुणा करत आणि झाकण लावत. वहीत एकही खूण चुकली नाही, तरी बॅटरी उतरली. आता लोक म्हणू लागले, न बघताच खुणा करत असतील. हळूहळू आप्पांनाही तसेच वाटू लागले. परेड करून सोप्यापर्यंत जायचे, परत यायचे, लाइटच्या बटणावर हात ठेवायचे, पुन्हा जायचे. उत्तरे देतानाचा त्यांचा आवाज बारीक झाला होता.

सगळ्यात वाईट दिवस डिसेंबरातला. भाऊसोंची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. कुणाला दवाखान्यात न्यायचे झाले की वस्तीतली माणसे आप्पांच्याच दाराशी यायची. तिच्या पोटात पहाटे दुखू लागले. भाऊसो कुंपणापर्यंत आले, उभ्या गाडीकडे पाहिले आणि मागे फिरले. त्यांनी दुसऱ्या वाडीवरून जीप मागवली. ती यायला पाऊण तास लागला. आप्पा अंगणात घोंगडी पांघरून उभे होते. जीप गेल्यावर त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि बनुबाईंना दिली.

“ही तुझ्या फळीवर ठेव.”

“आवं पर…”

“ठेव म्हनलं ना.”

साताऱ्याच्या दवाखान्यात भाऊसोंना नात झाली. आई आणि बाळ दोघी सुखरूप होत्या. मी त्या दिवशी मंद तांबडा जळत होतो. मला ओरडता आले असते तर ओरडलो असतो. पण दिव्याला बोलायची एकच रीत ठाऊक असते, आणि ती मी अहोरात्र बोलतच होतो.

शनिवारी जयराज आला. बरोबर त्याची पत्नी दीपमाला होती. जयराजने भाऊसोंच्या ट्रॅक्टरवरून केबल जोडून गाडी सुरू केली आणि बॅटरी भरावी म्हणून संध्याकाळपर्यंत फिरवून आणली. रविवारी तो ती सांगलीला नेणार होता. तिथे तिला गिऱ्हाईक पाहायचे. आप्पांनाही नेऊन एका डॉक्टरांना दाखवायचे. गाडीचे त्याने सरळ सांगितले, डॉक्टरांचे आडून. आप्पांना दोन्ही कळले.

दीपमाला सांगलीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करते. बोलते कमी. तिच्या पर्समध्ये सहा इंची पट्टी असते. तिने आप्पांना काही समजावले नाही, धीरही दिला नाही. फक्त विचारले, “आई, गाडी बंद पडली ते दिवस आठवतात का?”

“आठवायचं काय त्यात? कॅलेंडरावर फुल्या हायत्या माझ्या. एवढ्या येळा देवीला साकडं घातलंय मी.”

कॅलेंडर सोप्यावर आले. एका हातात बनुबाईंच्या फुल्या, दुसऱ्या हातात आप्पांची वही. वहीत गाडी कोणत्या दिवशी फिरली तेही होते. दीपमालाने पट्टी ठेवून दोन्ही तारखा एकमेकींसमोर लिहिल्या.

“आप्पा, तुम्ही विसरत नाही,” ती म्हणाली.

आप्पांनी वर पाहिले.

“लाइट चालू राहिली असती, तर बॅटरी एका रात्रीत संपली असती. गाडी दुसऱ्या सकाळीच बंद पडली असती. तशी ती एकदाही पडलेली नाही. दर वेळी दोन-तीन दिवस उभी राहिल्यावर पडली आहे. आणि विसरभोळेपणा असा दिवस मोजून येत नाही.”

“म्हणजे काय?” जयराजने विचारले.

“म्हणजे खाणारा बारीक आहे. हेडलाइटच्या विसाव्या भागाएवढा. पण तो रोज खातोय, एकही दिवस चुकत नाही.”

मित्रांनो, तिला माझे नाव ठाऊक नव्हते, पण माझे माप तिने बरोबर सांगितले होते. खणात बसून मी ते ऐकले आणि मला फार हलके वाटले.

“बारीक म्हणजे कोण?” जयराज म्हणाला. “विश्वजीतने दोनदा बघितली गाडी. शोधत बसलो तर इथंच राहावं लागेल. उद्या सांगलीला नेऊ, तिकडे दाखवू.”

दीपमालाने तारखांचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. तिच्याजवळ अंदाज होता, पुरावा नव्हता.

रविवारची सकाळ दाट धुक्याची होती. समोरची चिंच दिसत नव्हती. गाडी जायची म्हणून आप्पा तिच्यातून स्वतःच्या वस्तू काढायला आले. त्यांनी खण उघडला. वही घेतली, गोळ्या घेतल्या, नारळ काढून सीटवर ठेवला. मग चष्मा घेतला, वहीचे शेवटचे पान पाहायला डोळ्यांवर चढवला आणि तसेच थांबले.

“काय झालं, आप्पा?” दीपमाला चहाचा कप घेऊन सोप्यावर उभी होती.

“काय न्हाई. चष्मा ऊन लागला जरा नाकाला.”

“उन्हात होता का?”

“उनाचं नाव नगं काढू पोरी, चार दिस झालं दिसलं न्हाई ते.”

दीपमालाने कप खाली ठेवला. तिने चष्मा घेऊन गालाला लावला. मग दाराची मूठ चाचपली, सीट चाचपली, खिडकीची काच चाचपली. सगळे बर्फासारखे गार होते.

“हा खण याआधी कधी उघडला होता?”

“काल सांजंला. चष्मा ठिवला तवा.”

तिने हात आत घातला. माझ्या काचेला बोट लागले आणि तिने ते झटकन मागे घेतले.

“चटका बसतोय. दिवा आत्ताच पेटला असता, तर चष्मा एवढ्यात गरम झाला नसता.”

“झाकन उघडलं की पेटतोयच की तो,” आप्पा म्हणाले.

“हो. पण लावल्यावर विझतो का?”

तोच प्रश्न, मित्रांनो. फ्रिजचा. दीपमालाने मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला, तो माझ्याकडे तोंड करून खणात उभा ठेवला आणि झाकण लावले.

“आई, वीसपर्यंत मोजा.”

“एक, दोन, तीन, चार, पाच, सात…”

“आई, सहा राहिला.”

“ऱ्हाऊ दे तो. जीव टांगणीला लागलाय माझा.”

मोबाइल बाहेर आला. चौघांची डोकी त्यावर वाकली. पडद्यावर झाकण बंद होताना दिसले, बाहेरचा उजेड गेला, आणि अंधारात मधोमध मी. पेटलेला. बनुबाईंच्या वीसपर्यंत, म्हणजे खऱ्या एकोणीसपर्यंत, तसाच पेटलेला. मीही स्वतःला पहिल्यांदाच पाहत होतो. एवढासा, आणि एवढा नुसता पेटलेला.

आप्पांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग तिसऱ्यांदा. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. पुसायचे काही नव्हते.

“लास्ट परेडला हा गडी गैरहजर हुता,” ते शेवटी म्हणाले. “हजेरीत ह्याचं नावच न्हवतं.”

कागदांच्या तळातून मोडके बोंड निघाले. बनुबाईंनी ते पाहिले, नारळाकडे पाहिले, आणि बोंड तळहातावर घेतले.

“म्हंजी… माझ्याच हातानं झालं ह्ये.”

“तू कुठं? नारळानं केलं,” आप्पा म्हणाले.

“देवीच्या नारळाला नावं ठिवू नगा!”

“बरं, मंग तूच केलंस.”

बनुबाईंनी नारळ कानाशी धरून हलवला. आत खडखड झाली. “बघा की, ह्याचं पानी सुदीक आटवलं ह्या दिव्यानं!” त्या रडत होत्या की हसत होत्या, ते मला खणातून नीट कळले नाही.

बोंड पुन्हा जोडता येण्यासारखे नव्हते. दीपमालाने पट्टी लावली. नऊ मिलिमीटर उंची हवी होती. आप्पा बोंडाजोगे काही शोधायला उठले, तोवर बनुबाईंनी देवीच्या ओटीतली सुपारी आणली, अडकित्त्याने बरोबर मधोमध फोडली आणि अर्धी पुढे केली. आप्पांनी ती कानशीने घासली, दीपमालाने मापली, पुन्हा घासली. गळक्या नळाला लावतात त्या मसाल्याने ती झाकणाच्या आत चिकटवली. दुपारी मसाला वाळल्यावर पुन्हा मोबाइल आत ठेवला. या वेळी झाकण लागल्यावर पडदा काळा झाला आणि काळाच राहिला.

अडीच महिन्यांनी मी विझलो होतो.

“सुटलो,” जयराज म्हणाला.

“अजून नाही,” दीपमाला म्हणाली. “एक चोर सापडला म्हणजे सगळे सापडले असं नाही. आता गाडी चार दिवस उभी राहू दे. कुणी किल्ली लावायची नाही. गुरुवारी बघू.”

जयराजने वडिलांकडे पाहिले. “गुरुवारी सुरू झाली तर किल्ली तुमची, आप्पा. डॉक्टरचंही मी बोलणार नाही. पण नाही झाली तर…”

“तर तू ने,” आप्पा म्हणाले.

ते चार दिवस मी अंधारात होतो. माझे काम तेवढेच होते, आणि मी ते मन लावून केले. बुधवारी संध्याकाळी भाऊसोंचा आवाज आला, नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत.

“हवालदार, उद्या लेकीला सोडत्यात. साताऱ्यासनं आनायची हाय, नातीसंगं. जाऊया का?”

“सकाळी आठला या. चालू झाली तर जाऊ.”

“आन न्हाई झाली तर?”

“तर तुझी पेन्शनची गोष्ट खरी.”

गुरुवारी आठ वाजता दार उघडले. बनुबाई माझ्यासमोरच्या सीटवर बसल्या, भाऊसो मागे. आप्पांनी फर्स्ट परेड केली, हळू, एकही शब्द न गाळता. मग किल्ली फिरवली.

गाडी एका दमात सुरू झाली.

आप्पांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. इंजिन चालत होते आणि ते ऐकत होते. मग बनुबाईंनी सांगलीला फोन लावला, “चालू झाली गं पोरी!” असे सांगितले आणि तो आप्पांच्या कानाला धरला. पलीकडे जयराज होता.

“आप्पा, सावकाश जा.”

“कवा येगानं गेलोय रं मी?”

परतताना बाळ बनुबाईंच्या मांडीवर होते. त्यांनी दुपटे काढायला खण उघडला. मी पेटलो. बाळाने डोळे गच्च मिटले आणि तोंड वाकडे केले.

“नगं बाई, लेकराच्या डोळ्यावर उजेड,” असे म्हणून बनुबाईंनी झाकण लावले. सुपारी बटणावर टेकली आणि मी विझलो. माझा उजेड कुणाला उपयोगी पडला, हे मी पूर्वी अनुभवले होते. माझा अंधारही कुणाला हवा असतो, हे त्या दिवशी कळले.

मित्रांनो, घरातली एखादी वस्तू पुन्हा पुन्हा बिघडू लागली, की आपण घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे पाहतो. तसे पाहण्याआधी एक कागद घ्या. कधी बिघडली, किती दिवसांनी बिघडली, ते लिहा. आणि जी जागा नेहमी बंद असते म्हणून कुणीच तपासत नाही, ती एकदा तपासा. वस्तूची बॅटरी पुन्हा भरता येते. ‘तू विसरतोस’ असे रोज ऐकून उतरलेला माणूस असा ट्रॅक्टरवरून केबल लावून भरता येत नाही.

आता लास्ट परेडमध्ये सहा नावे आहेत. काचा वर झाल्या की आप्पा डावीकडे वाकतात आणि माझ्या झाकणावर तळहात ठेवून थोडा वेळ थांबतात. मी विझलेला त्यांना दिसत नाही, दिसूही शकत नाही. ते झाकण गार आहे का, एवढेच पाहतात.

“खण?”

“गार.”

मग बॉनेटवर दोन थापा पडतात, आणि सोप्यावरून आवाज येतो की भाकरी निवली.